घरातले आणि दुकानातले जुने दिवे बदलताना

आमच्याकडचे सगळे दिवे एलईडी आहेत, असे आता बहुतेक जण सांगतात. त्यांच्या घरात दिवेलागणीनंतर एक फेरी मारली, तर न्हाणीघरात ६० वॅटचा पिवळा बल्ब सापडतो, देव्हाऱ्यापाशी झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू असतो, स्वयंपाकघरात जुन्या चोकची ट्यूब घरघरत असते आणि जिन्यातला दिवा कोणी व कधी लावला हे कोणालाच आठवत नाही. युरोपीय संघाने तारेचे बल्ब २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले, आणि अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून प्रतिवॅट ४५ ल्युमेनपेक्षा (ल्युमेन हे उजेडाचे माप) कमी उजेड देणारे सर्वसाधारण वापराचे बहुतेक बल्ब विकण्यास मनाई झाली. भारताने निराळा मार्ग धरला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेने एलईडी बल्बची इतकी मोठी एकत्रित खरेदी केली, की २०१४ मध्ये सरकारी खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ४० रुपयांच्या खाली आला; या योजनेतून आजवर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले आहेत. बंदीऐवजी स्वस्ताई हे आपले साधन राहिल्यामुळे उरलेले जुने दिवे शोधून काढण्याचे काम आपल्याकडे कायद्याने नव्हे, तर घरात राहणाऱ्याने आणि दुकान चालवणाऱ्यानेच करायचे आहे. नव्याने संसार मांडणाऱ्या, जुने घर विकत घेतलेल्या किंवा पहिलेच दुकान थाटणाऱ्या माणसाला ते काम क्रमाने करता यावे, यासाठी हा लेख आहे.

पहिली पायरी : मोजदाद

खरेदीला जाण्यापूर्वी एक वही घ्यावी आणि घरातल्या प्रत्येक दिव्याची जागा, प्रकार, वॅट आणि तो रोज साधारण किती तास चालू असतो, हे लिहून काढावे. या चारांपैकी तास हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोक गाळतात. १,००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते, एवढे एकच सूत्र लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे हिशेब घरच्या घरी करता येतात. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास चालला तर महिन्याला ९ युनिट जातात. त्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला तर १.३५ युनिट जातात आणि उजेड उलट थोडा वाढतो. हाच ६० वॅटचा बल्ब माळ्यावर असेल आणि महिन्यातून दोनदा दहा-दहा मिनिटे लागत असेल, तर तो वर्षानुवर्षे तसाच राहिला तरी काही बिघडत नाही.

झिरोच्या बल्बबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्या नावाने पिढ्यानपिढ्यांचा गैरसमज करून ठेवला आहे. हा बल्ब शून्य वॅटचा नसून साधारण १२ ते १५ वॅटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरवर इतका लहान भार नीट नोंदला जात नसे, त्यामुळे तो फुकट चालतो अशी समजूत रूढ झाली. आजचे इलेक्ट्रॉनिक मीटर त्याची पूर्ण नोंद घेतात. रात्री आठ तास जळणारा १५ वॅटचा झिरो बल्ब महिन्याला साडेतीन युनिटांहून अधिक वीज खातो, आणि देव्हाऱ्यापाशी चोवीस तास जळणारा त्याच्या तिप्पट. अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा रात्रीचे हेच काम महिनाभर जेमतेम पाव युनिटाच्या आत करतो. माझ्या मते बदलाची सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाचे अनेक घरांतले खरे उत्तर हा छोटा बल्बच असतो.

ट्यूबच्या बाबतीत नळीवर छापलेला आकडा पुरेसा नाही. ४० वॅटच्या जाड ट्यूबबरोबर तांब्याच्या तारेचा जड चोक असेल, तर तो चोक स्वतः तापण्यात आणखी १२ ते १५ वॅट घालवतो. म्हणजे वहीत ४० नव्हे, ५४ च्या आसपास लिहावे.

दुसरी पायरी : क्रम ठरवणे

वही पूर्ण झाली की प्रत्येक दिव्याच्या वॅटला तासांनी गुणावे आणि सर्वांत मोठा गुणाकार ज्याचा, तो दिवा सर्वांत आधी बदलावा. पिवळा बल्ब अजून चालू आहे, तो जाईपर्यंत वापरू, हा काटकसरीचा विचार रोज जळणाऱ्या बल्बला लागू पडत नाही. तारेचा बल्ब घेतलेल्या विजेपैकी सुमारे ९५ टक्के वीज उष्णतेत घालवतो आणि साधारण १,००० तास टिकतो. वर सांगितलेल्या पाच तासांच्या बल्बमागे महिन्याला साडेसात युनिट वाचतात, आणि युनिटचा दर सोयीसाठी १० रुपये धरला, तर १०० रुपयांच्या एलईडीची किंमत दोन महिन्यांच्या आत वसूल होते. सीएफएलची गोष्ट वेगळी आहे. तो मुळातच कमी वीज घेतो, म्हणून कमी वापराच्या खोलीतला चालू सीएफएल मुद्दाम काढून टाकण्याची घाई करू नये. तो गेला की मग बदलावा.

महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी दर टप्प्यांनी वाढतात : १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. दिव्यांमध्ये वाचलेले युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतात. त्यामुळे ज्यांचे बिल ३१५ किंवा ११० युनिटांचे येते, त्यांना थोड्याशा बदलानेही खालच्या टप्प्यात येता येते. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून सरासरी दर काढणे येथे फसवे ठरते, कारण त्यात स्थिर आकारही मिसळलेला असतो, आणि तो दिवे बदलून कमी होत नाही.

तिसरी पायरी : खरेदी

दुकानात गेल्यावर वॅट विचारण्याची जुनी सवय सोडून ल्युमेन वाचण्याची सवय लावून घ्यावी. वॅट म्हणजे दिवा किती वीज घेतो आणि ल्युमेन म्हणजे तो किती उजेड देतो. ४० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ४०० ल्युमेन उजेड देत असे, ६० वॅटचा ७०० आणि १०० वॅटचा १,३५० च्या आसपास. चांगला एलईडी प्रत्येक वॅटमागे १०० ल्युमेन किंवा त्याहून अधिक देतो, म्हणून या तिघांची जागा अनुक्रमे ४-५, ७-८ आणि १२-१४ वॅटचे एलईडी घेतात. दोन्ही दिवे ९ वॅटचे असून एकावर ७५० आणि दुसऱ्यावर १,००० ल्युमेन लिहिलेले असेल, तर दुसरा थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.

त्यानंतर होल्डर पाहावा. आपल्याकडच्या बहुतेक घरांत दोन खुंट्यांचा, दाबून फिरवण्याचा होल्डर असतो, ज्याला बी२२ म्हणतात. शोभेच्या झुंबरांत आणि टेबलावरच्या दिव्यांत आट्यांचा ई२७ किंवा लहान ई१४ असतो. जुना बल्ब सोबत नेला की चूक होत नाही. परदेशातून परतताना दिवे आणणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी : अमेरिकेतले अनेक बल्ब केवळ १२० व्होल्टचे असतात, आणि आट्यांत बसले म्हणून ते आपल्या २३० व्होल्टवर लावले तर तत्काळ निकामी होतात.

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो. २,७०० ते ३,००० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा उबदार पिवळसर, ४,००० म्हणजे मधला आणि ६,५०० म्हणजे निळसर पांढरा उजेड. अनेकांचा एलईडीवरचा राग प्रत्यक्षात या रंगावरचा राग असतो. दुकानदाराने हाती दिलेला ६,५०० केल्विनचा दिवा झोपण्याच्या खोलीत लावला की खोली दवाखान्यासारखी वाटू लागते आणि दोष मात्र एलईडीला दिला जातो. झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोलीसाठी ३,००० केल्विनचा, आणि ओटा, अभ्यासाचे टेबल व शिलाई यंत्र यांसाठी ४,००० ते ६,५०० केल्विनचा दिवा घ्यावा, असे मी सुचवीन.

आता खोक्यावरच्या खुणा. एलईडी बल्बसाठी बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, आणि तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून खरा आहे की नाही हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येते. बीईई, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, हिचे तारांकनही २०१८ पासून एलईडी बल्बवर सक्तीचे आहे, आणि त्यातले तारे प्रतिवॅट ल्युमेनवरूनच ठरतात. रस्त्याकडेला ३०-४० रुपयांना मिळणाऱ्या बिननावाच्या बल्बवर यांपैकी काहीच नसते. अशा बल्बमधली प्रकाश देणारी चकती सहसा शाबूत राहते. जाते ती वीज नियंत्रित करणारी आतली स्वस्त यंत्रणा, म्हणजे ड्रायव्हर. गावाकडे पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून तेथे सर्ज प्रोटेक्शन २.५ किंवा ४ किलोव्होल्ट असे लिहिलेला आणि १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा दिवा घेणे शहाणपणाचे आहे. संध्याकाळी दाब कमी झाला की चोकची ट्यूब नुसती लुकलुकत राहते आणि पेटत नाही, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना अशा एलईडीचे मोल वेगळे सांगायला नको.

पावती जपून ठेवावी आणि बल्ब बसवण्यापूर्वी त्याच्या बुडाच्या पांढऱ्या भागावर मार्करने तारीख लिहावी. हमीच्या मुदतीत बंद पडलेला बल्ब बदलून घेताना या दोन गोष्टींशिवाय बोलणेच पुढे जात नाही.

चौथी पायरी : बसवणे

बल्ब बदलण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही. त्या खोलीचा एमसीबी किंवा मेन स्विच बंद करावा. पिवळा बल्ब चालू होता तर तो दहा मिनिटे निवू द्यावा. वर्षानुवर्षे उष्णता सोसलेला काळा बेकेलाइटचा होल्डर आतून ठिसूळ झालेला असतो आणि त्याच्या खुंट्यांमागच्या स्प्रिंगा ढिल्या पडलेल्या असतात. अशा होल्डरमध्ये नवा एलईडी लुकलुकतो, तडतडतो आणि लवकर जातो. होल्डर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा असेल, तर बल्बबरोबर तोही बदलून घ्यावा. काचेच्या पूर्ण बंद गोळ्यात किंवा छतात पुरलेल्या डब्यात एलईडी लावताना त्याच्या ड्रायव्हरला हवा मिळत नाही आणि त्याचे आयुष्य घटते. तेथे कमी वॅटचा किंवा बंद जागेसाठीच बनवलेला दिवा वापरावा. न्हाणीघरात आणि गच्चीवर पाणी आत न जाणारे कवच असलेला दिवा लागतो.

ट्यूबच्या बाबतीत दोन मार्ग आहेत आणि नवख्या माणसाची फसगत येथेच होते. एक मार्ग म्हणजे जुन्या पट्टीत एलईडीची नळी घालणे. तसे करताना स्टार्टर काढावा लागतो आणि चोक तारांमधून वगळावा लागतो, शिवाय त्या नळीला वीज एका टोकाकडून द्यायची की दोन्ही टोकांकडून, हे प्रत्येक कंपनीच्या नळीनुसार बदलते. हे चुकले तर शॉर्टसर्किट होते. काही नळ्या तांब्याचा चोक तसाच ठेवून, सोबत मिळणारा वेगळा स्टार्टर घालून चालतात, पण मग चोकचे तापणे काही प्रमाणात सुरूच राहते. दुसरा मार्ग म्हणजे जुनी पट्टी चोक-स्टार्टरसह उतरवून तिच्या जागी १८ ते २० वॅटची अखंड एलईडी पट्टी लावणे. मी निःसंकोचपणे दुसऱ्या मार्गाची शिफारस करतो. पट्टीला फक्त फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा जोडाव्या लागतात, वायरमनचे ते दहा मिनिटांचे काम आहे, आणि रोज सहा तास चालणाऱ्या एका ट्यूबमागे महिन्याला सहा युनिट वाचतात. तरीही पहिला मार्ग घेतलाच, तर त्या पट्टीवर 'चोक काढला आहे, फक्त एलईडी नळी लावावी' अशी चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर पुढे कोणी नकळत जुनी ट्यूब घालील आणि अपघात होईल.

बसवल्यानंतर दोन तक्रारी हमखास येतात. पहिली म्हणजे बटण बंद केल्यावरही दिवा मंद तेवत राहणे. याचे कारण बहुधा बटणातला लाल इंडिकेटर असतो, कारण त्यातून जाणारा अत्यल्प प्रवाह तारेच्या बल्बला तापवू शकत नव्हता, पण एलईडीला तो उजळायला पुरतो. मात्र इंडिकेटर नसतानाही असे होत असेल, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेले असण्याची शक्यता आहे. म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज जिवंत असते आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. हा दोष घरात कदाचित वीस वर्षांपासून होता. पिवळ्या बल्बने तो झाकला आणि एलईडीने तो दाखवून दिला. अशा वेळी बल्ब परत करू नये, वायरमनला बोलावून तारा दुरुस्त करून घ्याव्यात. दुसरी तक्रार डोळे दुखण्याची असते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरावा; पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर त्या दिव्याचा प्रकाश सतत लुकलुकतो आहे, आणि अभ्यासाच्या टेबलावर तरी तो लावू नये. जुन्या डिमरवर साधा एलईडी लावल्यानेही असेच लुकलुकणे होते. तेथे डिमरवर चालेल असे स्पष्ट लिहिलेला दिवाच हवा.

दुकान, कारखाना आणि सोसायटीचा जिना

घरापेक्षा दुकानातला बदल अधिक लवकर फळतो, कारण तास जास्त असतात आणि व्यापारी दर चढा असतो. साडीच्या किंवा दागिन्यांच्या दुकानात ५० वॅटचे वीस हॅलोजन रोज दहा तास चालत असतील, तर दिवसाला १० युनिट म्हणजे २६ दिवसांत २६० युनिट जातात. ७ वॅटच्या एलईडी स्पॉटलाइटने हेच काम सुमारे ३६ युनिटांत होते. दुकानात एसी असेल, तर हॅलोजनची उष्णता बाहेर काढण्यासाठी तो जी जादा वीज खात होता तीही वाचते, आणि ती दिव्यांत वाचलेल्या विजेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी असते. लहान हॅलोजन १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चालतात, आणि एलईडीचा भार फार कमी असल्यामुळे जुना ट्रान्सफॉर्मर त्यावर नीट चालत नाही. म्हणून तो काढून थेट २३० व्होल्टचा दिवा बसवावा. कापड, दागिने, फळे आणि मिठाई यांच्या दुकानांत सीआरआय हा आकडा पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. रंग किती खरे दिसतात, याचे ते १०० पैकी माप आहे. घरासाठी ८० पुरेसे आहेत, पण पैठणीचा काठ दाखवायचा असेल तर ९० च्या वरचाच दिवा हवा. गिऱ्हाईक साडी उचलून दारातल्या उन्हात नेते, ते दुकानातल्या प्रकाशाने रंग बदलतो म्हणूनच.

लेथ किंवा फिरती यंत्रे असलेल्या कारखान्यात लुकलुकणारा प्रकाश केवळ त्रासदायक नसतो, धोकादायकही असतो. ठरावीक वेगाने फिरणारा चक, म्हणजे लेथवर वस्तू पकडून फिरवणारा भाग, अशा प्रकाशात थांबल्यासारखा दिसू शकतो आणि कामगाराचा हात तिकडे जाऊ शकतो. तेथे दिव्याची किंमत हा शेवटचा निकष असावा.

सोसायटीचा जिना हा कोणाचाच नसल्यामुळे तेथील वीज सर्वांत निष्काळजीपणे जाते. आठ जुन्या ट्यूब रोज बारा तास जळत असतील, तर महिन्याला सुमारे १५५ युनिट जातात. १० वॅटच्या आठ पट्ट्या लावल्या तर २९. वार्षिक सभेत एवढे दोन आकडे मांडले तरी ठराव संमत होण्यास अडचण येऊ नये.

जुन्या दिव्यांचे काय करावे

तारेच्या बल्बमध्ये पारा नसतो. तो फुटणार नाही असा कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात देता येतो. सीएफएल आणि ट्यूबमध्ये मात्र काही मिलिग्रॅम पारा असतो. याच कारणाने पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हातील बैठकीत सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्लुरोसंट दिव्यांची निर्मिती आणि आयात-निर्यात २०२७ अखेर थांबवण्याचे ठरवले. भारत या कराराचा सदस्य आहे. म्हणून आज नवी जागा सजवताना ट्यूबची जुनी पट्टी घेणे म्हणजे काही वर्षांत सुटे भाग मिळणार नाहीत अशी वस्तू घेणे होय. आपल्या ई-कचरा नियमांतही पारायुक्त दिव्यांचा समावेश आहे. काढलेले दिवे मूळ खोक्यात ठेवून महापालिकेच्या ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत, घंटागाडीत टाकू नयेत.

सीएफएल घरात फुटलाच तर पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि लहान मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर जावे. परत आल्यावर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्याने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, जागा ओल्या कागदाने पुसावी आणि हे सर्व झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून ई-कचऱ्यात द्यावे.

जेथे बदल करू नये

काही ठिकाणी उष्णता हेच बल्बचे काम असते. कोंबडीच्या पिल्लांना पहिले काही आठवडे ऊब देण्यासाठी लावलेल्या बल्बच्या जागी एलईडी लावला, तर उजेड मिळेल पण पिल्ले गारठून मरतील. वायरमनचा सिरीज बल्बही तसाच : दुरुस्त केलेल्या उपकरणात शॉर्ट आहे का, हे १०० वॅटची तार किती तेजाने पेटते यावरून त्याला कळते, आणि हे काम एलईडी करू शकत नाही.

सर्व बदल झाल्यावर लगेच पुढच्या बिलावरून निष्कर्ष काढू नये, कारण उन्हाळ्यात पंखे आणि हिवाळ्यात गीझर यांच्यामुळे युनिट आपोआप वरखाली होतात. बिलावर मागील महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. त्यातल्या गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी आताचा आकडा ताडावा आणि वहीतल्या हिशेबाइतके युनिट कमी झाले का, ते पाहावे. ते झाले नसतील तर दिव्यांना दोष न देता फ्रीजच्या दाराचे रबर आणि गीझरचे बटण तपासावे.